खांद्याच्या अस्थिभंगाचे ‘बरे होणे’ : शस्त्रक्रियेच्या पक्षाचे एक परीक्षण

हाड सांधले आणि हात बरा झाला, ही दोन विधाने आपण सामान्यतः एकाच अर्थाने वापरतो. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाच्या बाबतीत ती बहुधा एकत्रच खरी ठरतात. त्यामुळे त्यांतील भेद ध्यानात येत नाही. परंतु वृद्धांच्या भुजास्थीच्या वरच्या टोकाचा, म्हणजे व्यवहारात ज्याला आपण खांदा मोडणे म्हणतो त्या अस्थिभंगाचा, विचार करू लागताच ही विधाने परस्परांपासून अलग होतात. हाड वाकडे सांधूनही हात उपयोगी राहतो, आणि हाड सरळ बसवूनही हात जायबंदी राहू शकतो. ह्या विषयावरील शस्त्रक्रियेचे वाङ्मय चाळले असता असे दिसते की, हा भेद त्यात पुरेशा गांभीर्याने घेतला गेलेला नाही. २०१५ साली ब्रिटनमधील प्रोफर चाचणीने तो ठळकपणे पुढे आणला. त्या चाचणीचा अर्थ लावताना मात्र तिच्या विरोधकांनी जशी घाई केली, तशीच तिच्या समर्थकांनीही केली. प्रस्तुत लेखात ह्या चाचणीचे, व तिच्या मागेपुढे असलेल्या काही निबंधांचे, परीक्षण करावयाचे आहे.

हा अस्थिभंग मुख्यतः उतारवयातील स्त्रियांचा आहे. उंचावरून पडणे किंवा वाहनाचा अपघात असे कारण त्यास लागत नाही. न्हाणीघरात पाय घसरणे किंवा उंबऱ्याला ठेच लागणे एवढे पुरते. भुजास्थीचे डोके, त्याच्या पायथ्याचे मोठा व लहान असे दोन उंचवटे, आणि खालचा दांडा असे चार भाग पडू शकतात, हे बॉस्टनचे शल्यवैद्य अर्नेस्ट कॉडमन ह्यांनी १९३४ च्या आपल्या ‘द शोल्डर’ ह्या ग्रंथात दाखवून दिले. वाढत्या वयात हाडाचे भाग जेथे एकमेकांस जुळतात त्याच जुन्या रेषांवर ते पुढे मोडते, हे त्यांचे निरीक्षण होते.

कॉडमन ह्यांचे नाव येथे आणखी एका कारणासाठी घ्यावे लागते. प्रत्येक रुग्णालयाने आपल्या प्रत्येक रुग्णाचा, उपचार यशस्वी झाला की नाही हे ठरण्याइतका दीर्घ काळ, मागोवा घ्यावा आणि तो झाला नसल्यास का झाला नाही ते नोंदवावे, असा त्यांचा आग्रह होता. ‘अंतिम परिणामा’चा हा विचार त्यांच्या सहकाऱ्यांस रुचला नाही. त्यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले. १९११ ते १९१६ ह्या काळात तेथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा वृत्तांत छापला, आणि त्यांत आपल्याकडून झालेल्या १२३ चुकाही छापल्या. ज्या विद्वानाने खांद्याचे चार तुकडे मोजले, त्याच विद्वानाने रुग्ण शेवटी कसा राहिला हे मोजण्याचा आग्रह धरला होता. पुढच्या पिढीने त्यांतील पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी बाजूस ठेवली, असे म्हणणे प्राप्त आहे.

ती पहिली गोष्ट उचलली न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर ह्यांनी. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन निबंधांनी ह्या विषयाला आजची भाषा दिली. तुकडा एक सेंटिमीटरहून अधिक सरकला किंवा ४५ अंशांहून अधिक वळला, तरच तो ‘विस्थापित’ मानावयाचा. आणि विस्थापित तुकड्यांच्या संख्येवरून दोन, तीन वा चार तुकड्यांचा भंग असे म्हणावयाचे. तीन तुकड्यांच्या भंगात उघडून जुळवणी आणि चार तुकड्यांच्या भंगात डोके काढून कृत्रिम डोके बसवणे, असा त्यांचा कौल होता. वर्गीकरण सुटसुटीत होते, शिकवावयास सोपे होते, आणि परीक्षेत विचारण्याजोगे तर निश्चितच होते. मात्र एक सेंटिमीटर आणि ४५ अंश ह्या सीमा काहीशा स्वेच्छेने आखलेल्या होत्या. उपचाराचा निर्णय त्या आकड्यांनी परस्पर ठरवावा अशी आपली अपेक्षा नव्हती, हे नीअर ह्यांनी स्वतःच २००२ च्या निबंधात स्पष्ट केले. तोपर्यंत तीस वर्षांहून अधिक काळ ते आकडे तसे वापरले गेले होते.

वर्गीकरणाच्या पायाची परीक्षा १९९३ साली झाली. सिडॉर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास अस्थिभंगांची क्ष-किरण चित्रे पाच जाणकारांपुढे ठेवली. त्यांत खांद्याचे विशेषज्ञ होते, क्ष-किरणतज्ज्ञ होते आणि प्रशिक्षणार्थीही होते. पाचही जणांचे एकमत पहिल्या वेळी केवळ ३२ टक्के भंगांवर झाले. पुढे तीच चित्रे पुन्हा दाखवली तेव्हा ३० टक्क्यांवर. म्हणजे तीन तुकडे की चार, ह्यावरच एकवाक्यता नाही, आणि त्याच मोजणीवर पट्टी बसवावी की कृत्रिम डोके हे ठरावयाचे! ह्या निबंधाचा पुढे वारंवार उल्लेख होतो. परंतु उल्लेख करणारा लेखक बहुधा त्याच परिच्छेदात नीअर ह्यांच्या वर्गांनुसार आपले रुग्ण मांडून मोकळा होतो.

चार तुकड्यांच्या भंगात डोके काढून टाकावे ह्या मतामागे एक शरीरशास्त्रीय गृहीत होते : डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून ते मरणारच. लेंग ह्यांनी १९५६ मध्ये पुढच्या बाजूच्या वळणदार धमनीच्या एका शाखेला मुख्य मान दिला होता, आणि तो दीर्घकाळ टिकला. २०१० साली हेट्रिच व सहकाऱ्यांनी डोक्यास मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ६४ टक्के रक्त मागच्या धमनीतून येते असे दाखवले. त्यापूर्वीच, २००४ साली, हर्टेल ह्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी डोक्याला रक्त पोचते की नाही हे पाहून, रक्त तुटल्याची पूर्वचिन्हे सांगितली होती : डोक्याला चिकटून राहिलेला आतल्या बाजूचा हाडाचा काटा आठ मिलिमीटरहून आखूड असणे आणि आतली बिजागरी निखळणे ही त्यांतील प्रमुख. ही चिन्हे आता सर्वत्र पाठ झाली आहेत. त्याच गटाचा २००८ चा निबंध मात्र तितका वाचला जात नाही. सुरुवातीला रक्तहीन दिसलेली बहुतेक डोकी पुढे कोसळली नाहीत, असे त्यात दाखवले आहे. रक्त तुटणे आणि डोके मरणे ह्या दोन घटना आहेत, हा त्याचा अर्थ. पहिल्या निबंधाने घाईस बळ दिले आणि दुसऱ्याने ती आवरली नाही, ही ह्या वाङ्मयाची नेहमीची रीत आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्याच्या आरंभी लॉकिंग पट्टी आली, आणि शस्त्रक्रियेच्या पक्षास नवे अवसान चढले. जुन्या पट्टीचे स्क्रू ठिसूळ हाडात पकड घेत नसत. सैल होऊन बाहेर येत. नव्या पट्टीत स्क्रूचे डोके पट्टीतच आटे धरून बसते. पट्टी व स्क्रू मिळून एक अचल सांगाडा होतो, आणि हाडाच्या पकडीवर सर्वस्वी विसंबावे लागत नाही. कल्पना बिनतोड वाटावी अशी आहे. परंतु ठिसूळ हाडाचा दोष केवळ पकड न देण्यात नाही. ते आतून पोकळ होऊन खचते. डोके खचले की स्क्रू जागेवरच राहतात, आणि त्यांची टोके डोक्यातून बाहेर निघून समोरच्या खाचेच्या कूर्चेवर घासू लागतात. जुनी पट्टी निदान हाडाबरोबर सैल होई. नवी पट्टी अढळ राहून सांधा कोरते. स्टॉकहोममध्ये ओलेरुड व सहकाऱ्यांनी तीन तुकड्यांचा भंग झालेल्या ६० वृद्ध रुग्णांत पट्टी आणि विनाशस्त्रक्रिया उपचार ह्यांची तुलना केली, तेव्हा पट्टी बसवलेल्यांपैकी ३० टक्के रुग्णांवर पुन्हा लहानमोठी शस्त्रक्रिया करावी लागली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या निबंधात पट्टीच्या गटाचे गुण किंचित अधिक होते हे खरे; परंतु जेथे तीनांतील एका रुग्णास पुन्हा शस्त्रक्रियेच्या मेजावर जावे लागते, तेथे ‘किंचित अधिक’ हे समर्थन पुरेसे कसे मानावे?

आता मुख्य विषयाकडे वळू. अमर रंगन व हेलन हँडॉल ह्यांच्या नेतृत्वाखालील प्रोफर चाचणीत ब्रिटनच्या ३२ रुग्णालयांतून, २००८ ते २०११ ह्या काळात, दुखापतीनंतर तीन आठवड्यांच्या आत आलेल्या २५० रुग्णांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यदृच्छ वाटणी करण्यात आली. निम्म्यांवर शस्त्रक्रिया, निम्म्यांना गळ्यातली झोळी. दोन्ही गटांना पुढे सारख्याच प्रकारे व्यायामोपचार मिळाला. रुग्णांचे सरासरी वय ६६ वर्षे, आणि चारांपैकी तीनांहून अधिक स्त्रिया. दोन वर्षांच्या काळातील ऑक्सफर्ड खांदा-गुणांक शून्य ते ४८ ह्या मापावर शस्त्रक्रियेच्या गटात ३९.०७ आणि झोळीच्या गटात ३८.३२ आला.

येथे विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे, कारण ह्या आकड्यांचे वाचन बहुधा चुकीचे होते. ‘फरक आढळला नाही’ असे म्हटले की लहान चाचणीचा दुबळेपणा आठवतो : फरक असेलही, पण सापडला नाही. प्रोफरचे तसे नाही. तिच्या कर्त्यांनी आरंभीच पाच गुणांचा फरक रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण मानला होता. प्रत्यक्ष फरक ०.७५ गुणांचा निघाला, आणि त्याचा ९५ टक्के विश्वासांतराल उणे १.३३ ते अधिक २.८४ असा होता. म्हणजे शस्त्रक्रियेला शक्य तितके झुकते माप दिले, तरी तीन गुणांचाही लाभ हाती लागत नाही, मग पाचाची गोष्टच नको. चाचणीने सरासरी अर्थपूर्ण लाभाची शक्यताच वगळली आहे. पाच वर्षांच्या पाठपुराव्याचा वृत्तांत २०१७ मध्ये आला. त्यातही हेच चित्र राहिले. खांद्याशी संबंधित गुंतागुंत शस्त्रक्रियेच्या गटात ३० आणि दुसऱ्या गटात २३ रुग्णांना झाली. पुढील शस्त्रक्रिया दोन्हीकडे ११ रुग्णांवर. शिवाय शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात असताना हृदय, श्वसन इत्यादींचे दहा उपद्रव झाले, ते निराळेच. पुढे २०२२ च्या कॉक्रेन आढाव्याने ४७ चाचण्या व तीन हजारांहून अधिक रुग्ण एकत्र घेतले, आणि विस्थापित भंगांत एक व दोन वर्षांनी शस्त्रक्रियेचा महत्त्वाचा लाभ दिसत नाही, हे पुरावा भक्कम असल्याच्या निर्वाळ्यासह सांगितले.

वाकडे सांधलेले हाड चालते तरी कसे? ह्याचे उत्तर खांद्याच्या रचनेतच आहे. वरच्या टोकाचे हाड सच्छिद्र असल्याने ते बहुधा सांधतेच. न सांधणे हा अपवाद. खांद्याच्या हालचालीचा वाव मुळात इतका मोठा आहे की त्यातील बराच गमावूनही रोजच्या कामांस पुरेसा उरतो. आणि उणीव भासेल तेथे पाठीवरचा फरा सरकून ती भरून काढतो. शस्त्रक्रिया हाडाची रेषा सुधारते, पण त्यासाठी स्नायू बाजूला सारावे लागतात, व्रण होतो, आणि त्या व्रणाचा आखडलेपणा सुधारलेल्या रेषेचा फायदा खाऊन टाकतो. क्ष-किरण चित्रात पहिली बाजू दिसते, दुसरी दिसत नाही.

चाचणीवर आलेले आक्षेप सारख्या वजनाचे नाहीत. शस्त्रक्रिया करणारे पुष्कळ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला रुग्ण थोडे आले, म्हणून कौशल्याचा अभाव होता, हा आक्षेप मला फारसा टिकणारा वाटत नाही. सामान्य रुग्णालयातील सामान्य शल्यवैद्याच्या हातून काय घडते हेच तर तपासावयाचे होते. निष्णातांच्या हाती निराळे घडत असेल, तर ते दाखवण्याचा भार निष्णातांवर आहे. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह : ज्यांना शस्त्रक्रिया स्पष्टपणे आवश्यक आहे असे शल्यवैद्यास वाटले, ते रुग्ण चाचणीत आलेच नाहीत. तपासलेल्या १२५० पैकी ५६३ पात्र ठरले आणि त्यांतील २५० सहभागी झाले. वगळलेल्यांत कोण होते ह्याचा निकष शल्यवैद्याचे मत हाच होता, आणि तो मोजता येत नाही. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. नीअर ह्यांच्या मोजणीने ह्या २५० पैकी १२८ दोन तुकड्यांचे, ९३ तीन तुकड्यांचे, १८ त्या निकषाने विस्थापित न ठरणारे आणि चार तुकड्यांचे फक्त ११ होते. अकरा रुग्णांवरून चार तुकड्यांच्या भंगाविषयी काहीही सांगता येत नाही. सांधा निखळून झालेले भंग तर आरंभीच वगळले होते. तेव्हा ‘खांदा मोडला की झोळी’ असे सूत्र जे ह्या चाचणीच्या नावावर सांगतात, ते तिच्यावर अन्याय करतात. दोन तुकड्यांच्या भंगाविषयी मात्र पुराव्याला जोड मिळाली आहे : लाउनोनेन व सहकाऱ्यांनी साठीवरील ८८ रुग्णांवर केलेल्या उत्तर युरोपातील चाचणीत, २०१९ साली, पट्टीचा कोणताही लाभ दिसला नाही.

ह्याहून मूलगामी प्रश्न मापाचा आहे, आणि त्याकडे टीकाकारांनी जवळजवळ दुर्लक्ष केले आहे. कॉन्स्टंट व मर्ली ह्यांच्या १९८७ च्या शंभर गुणांच्या मापात २५ गुण केवळ ताकदीला आहेत आणि ४० हालचालीच्या वावाला. वेदनेला अवघे १५. सत्तरीतल्या सडपातळ बाईला ताकदीचे गुण मोडण्यापूर्वीच्या खांद्यावरही पुरते मिळाले नसते. १९९६ चे ऑक्सफर्ड माप त्या मानाने पुष्कळ शहाणे, कारण ते रुग्णालाच विचारते. परंतु काय विचारते? सुरी-काटा एकाच वेळी वापरता येतो का, जेवणाचे ताट असलेला ट्रे खोलीतून नेता येतो का, कपाटात कपडे टांगता येतात का. ऑक्सफर्डमधील म्हातारीसाठी हे प्रश्न अचूक आहेत. हेच माप महाराष्ट्रातील रुग्णालयात वापरताना मात्र आपण काय मोजत आहोत ह्याचा विचार करावा. वेणी किंवा अंबाडा घालणे, चोळीची गाठ मारणे, निऱ्या खोचणे, फळीवरचा डबा काढणे, उंच दोरीवर धुणे टाकणे, भाकरी थापणे ही येथल्या खांद्याची परीक्षा आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जी व्यक्ती जमिनीवर बसते ती उठताना हाताने रेटा देऊन उठते. हात हा भार न वाहणारा अवयव आहे, ह्या गृहीतावर झोळीच्या बाजूचा युक्तिवाद बराचसा उभा आहे. ज्या घरात बैठक जमिनीवर आहे, आणि ज्या वृद्धाच्या हाती काठी आहे, तेथे ते गृहीत ढिले पडते. ह्यावरून शस्त्रक्रिया करावी असे सिद्ध होत नाही; ३९ आणि ३८ ह्या आकड्यांची तंतोतंत समानता येथेही तशीच असेल असे मानता येत नाही, एवढेच.

दुसरी एक गोष्ट ह्याला जोडून. प्रोफरमधील झोळीचा गट हा ‘उपचार न केलेल्यांचा’ गट नव्हता. त्यांना शिस्तशीर व्यायामोपचार मिळत होता, आणि तो सरकारी आरोग्यसेवेतून, खिशाला तोशीस न लावता मिळत होता. हॉजसन व सहकाऱ्यांनी २००३ साली, फारशा न सरकलेल्या दोन तुकड्यांच्या भंगांत, तीन आठवडे हात बांधून ठेवण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात व्यायाम सुरू करणे वेदना व हालचाल ह्या दोन्ही दृष्टींनी बरे, असे दाखवले होते. आपल्याकडे हात गळ्यात बांधून देऊन ‘दीड महिन्याने या’ असे सांगितले जाते, तेव्हा ती प्रोफरमधील झोळी नसते. ती केवळ झोळी असते. हाडवैद्याचा लेप लावून महिन्याभराने रुग्णालयात येणारा रुग्ण तर त्या चाचणीच्या तीन आठवड्यांच्या मर्यादेत बसतच नाही.

शेवटी उलट्या सांध्याविषयी. पॉल ग्रामाँ ह्यांनी फ्रान्समधील दिजाँ येथे १९८५ च्या सुमारास रचलेल्या ह्या कृत्रिम सांध्यात गोळा फऱ्याच्या बाजूला आणि वाटी भुजास्थीच्या बाजूला असते. त्यामुळे फाटलेल्या वा निकामी झालेल्या आतल्या स्नायूंवाचूनही बाहेरचा डेल्टॉइड एकटा हात उचलू शकतो. नुसते कृत्रिम डोके बसवण्याच्या जुन्या शस्त्रक्रियेत उंचवटे सांधले नाहीत तर सारेच फसत असे. येथे त्याचे महत्त्व कमी होते. शस्त्रक्रियेच्या पक्षाची भिस्त आता ह्या सांध्यावर आहे, आणि त्याच्या पुराव्यादाखल २०२० साली प्रसिद्ध झालेली नॉर्वेतील डेल्फी चाचणी पुढे केली जाते. ६५ ते ८५ वयाच्या १२४ रुग्णांत, दोन वर्षांनी उलट्या सांध्याला ६८.० आणि पट्टीला ५४.६ कॉन्स्टंट गुण मिळाले. फरक मोठा आहे, चाचणी काळजीपूर्वक केलेली आहे, ह्याबद्दल वाद नाही. परंतु तुलना कोणाशी? पट्टीशी. तीव्र विस्थापनात पट्टी हा उत्तम उपाय असल्याचे सिद्ध झाले असते, तर तिला हरवणे मोठी गोष्ट होती. येथे आधीच चीत झालेल्या मल्लाला पुन्हा आखाड्यात उतरवले आहे.

उलटा सांधा आणि झोळी ह्यांची थेट गाठ लोपिझ व सहकाऱ्यांनी माद्रिदमध्ये घालून दिली. ऐंशीपुढच्या ५९ रुग्णांत एका वर्षानंतर कॉन्स्टंट गुण अनुक्रमे ६१.७ आणि ५५.७ आले, वेदना सांध्याच्या गटात कमी होती, परंतु एकंदर लाभ व्यवहारात जाणवण्याजोगा मानता येत नाही असा २०१९ च्या त्या निबंधाचा निष्कर्ष आहे. रुग्ण थोडे, काळ एकच वर्ष; तेव्हा ह्यावर फार मोठी इमारत उभारू नये. मात्र ऐंशीपुढच्या रुग्णाला ह्या सांध्याचा प्रस्ताव मांडताना हे सहा गुण सांगितले पाहिजेत, डेल्फीचे तेरा नव्हेत. ब्रिटनमध्ये प्रोफर-२ ह्या नावाने, ६५ वर्षांवरील रुग्णांच्या तीन व चार तुकड्यांच्या भंगांसाठी आखलेल्या चाचणीत उलटा सांधा आणि नुसते कृत्रिम डोके ह्यांच्याबरोबर झोळीचाही एक गट ठेवला आहे. पहिल्या प्रोफरमध्ये अकरांवर अडलेला प्रश्न तेथे प्रथमच पुरेशा रुग्णांपुढे ठेवला जात आहे.